उन्हाचं वाळवण

वरच्या मजल्यावरची खिडकी उघडी होती.

जानेवारीचा महिना, नागपूरसारख्या गावात पारा तीनावर उतरलेला, गल्लीतली कुत्री गाड्यांखालून बाहेर यायला तयार नाहीत, आणि मृणालनं आपल्या हॉलची खिडकी चांगली हातभर उघडी टाकलेली. सकाळी तुळशीला पाणी घालताना अर्चनानं ती पाहिली आणि हातातला तांब्या तसाच राहिला. एवढ्या थंडीत खिडकी उघडायची म्हणजे आत केवढं उकडत असलं पाहिजे. आणि ते सगळ्या गल्लीला कळावं हाही त्यात हेतू असणारच, असं अर्चनाचं ठाम मत झालं.

"अहो, बघितलं का?" ती आत येऊन म्हणाली. "खिडकी उघडी टाकून बसली ती. मुद्दाम."

प्रमोद दोन स्वेटर आणि वर शाल अशा अवतारात चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसला होता. "गरम होत असेल तिला," तो म्हणाला.

"तेच तर म्हणते मी. तिलाच काऊन गरम होते मग? आपल्याला काऊन नाही?"

प्रमोदनं कपात तोंड घातलं. बायकोच्या एका प्रश्नाला उत्तर दिलं की त्यातून दुसरा निघतो, हे त्याला इतक्या वर्षांच्या संसारानं शिकवलं होतं.

गिरडकरांचं हे घर दुमजली. खाली थोरला प्रमोद आणि अर्चना, वर धाकटा नरेश आणि त्याची बायको मृणाल. जिना एक, गच्ची एक आणि सासरेही एकच. सासूबाई गेल्यापासून सासरे, म्हणजे मामाजी, खालीच राहत. अर्चना लग्न होऊन या घरात आली त्याच्या आदल्याच वर्षी तिचे वडील गेले होते. मामाजींनी तिला पहिल्या दिवशी "पोरी" म्हणून हाक मारली आणि तेव्हापासून हा माणूस तिनं मनानं आपल्या नावावर करून टाकला. त्यांचं पथ्यपाणी, दम्याची औषधं, अंघोळीचं कढत पाणी, सगळं तिच्या हातचं. त्यांना ती इकडची काडी तिकडे करू देत नसे. पाण्याचा पेला घ्यायला ते उठले, तरी ही आधी धावायची.

आणि तेच मामाजी डिसेंबरपासून वर राहायला गेले होते. थंडीपुरते, असं सगळे म्हणत होते. अर्चनाला त्या "पुरते"वर विश्वास नव्हता.

थंडी खरंच विचित्र झाली होती. हवामान बिघडल्यापासून उन्हाळा वाढला हे सगळ्यांना दिसत होतं, पण त्याबरोबर हिवाळ्यात उत्तरेचं वारं असं घुसेल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. नागपूरची घरं बांधलेली उन्हाळ्यासाठी. उंच छत, जाळीच्या खिडक्या, फरशी गार. त्यात वीज सगळी सूर्याची, म्हणजे दिवसा स्वस्त आणि दिवेलागणीनंतर सोन्याच्या भावानं. संध्याकाळी हीटर लावणारं घर एक तर श्रीमंत असायचं नाही तर उधळं. म्हणून ऊनपेटी आली तेव्हा लोकांनी ती डोक्यावर घेतली.

ऊब साठवायचे प्रयत्न पूर्वीही झाले होते. पाणी तापवून ठेवा, दगड तापवून ठेवा. पण तापवलेली वस्तू कितीही गुंडाळली तरी चार दिवसांत निवते. मे महिन्याचं ऊन जानेवारीपर्यंत टिकवायचं तर युक्ती वेगळी हवी होती, आणि ती एका क्षारात सापडली. साबुदाण्याएवढ्या सच्छिद्र मातीच्या गोळ्या, त्यांच्या अंगात हा क्षार मुरवलेला. काचेखालच्या काळ्या ट्रेमध्ये पसरून या गोळ्या मे महिन्याच्या उन्हात तापवल्या की क्षारानं धरून ठेवलेलं पाणी वाफ होऊन निघून जातं. ते पाणी सोडवायला जेवढी उष्णता खर्ची पडते, जवळजवळ तेवढी सगळी, पाणी पुन्हा मिळालं की, गोळ्या परत करतात. म्हणजे पेटीत ऊब भरलेली नसतेच. तिच्यात भरलेली असते तहान.

म्हणून बंद पेटी हाताला गारच लागते आणि वर्षभर कोपऱ्यात पडून राहिली तरी बिघडत नाही. थंडीत तिच्या झाकणाची तार सोडायची, खालच्या कप्प्यात वाटीभर पाणी घालायचं. एक चिमुकला पंखा ओलसर हवा गोळ्यांमधून ओढतो आणि थोड्या वेळात पेटीतून उन्हाळ्याचं वारं येऊ लागतं. एक पेटी एक खोली रात्रभर सांभाळते. वीज लागते ती मोबाइल चार्ज करण्याइतकी.

कॉलनीतल्या बायकांनी या उद्योगाला नाव ठेवलं, उन्हाचं वाळवण. सगळी गडबड तिथून सुरू झाली, कारण वाळवण म्हणजे अर्चनाचं राज्य होतं.

कुरड्या, सरगुंडे, मूगवड्या, ज्वारीचे पापड. उन्हाळा लागला की अर्चनाच्या हाताला उसंत नसे आणि तोंडालाही नसे, कारण गच्चीवर हात चालत असताना गोष्टी सांगायची तिला सवय होती. त्यातली एक गोष्ट ठरलेली. मृणालनं लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात हौसेनं पापड केले आणि उन्हातून आणले तसे गरम गरम डब्यात भरले. डब्यात त्यांना घाम सुटला, महिन्याभरात बुरशी आली, सगळे पापड गाईलासुद्धा घालता आले नाहीत. मृणाल बँकेत मोठ्या हुद्द्यावर, हिशेबात चोख, पण ही गोष्ट दर उन्हाळ्यात, दर पाहुण्यासमोर निघायची. मृणाल तेव्हा हसायची. अर्चनाला वाटायचं, तिलाही गंमत वाटते.

त्यामुळे ऊनपेटीवाल्या कंपनीची मुलगी कॉलनीच्या हॉलमध्ये प्रात्यक्षिक द्यायला आली, तेव्हा अर्चना "पसरायचं आणि चांगलं वाळू द्यायचं" इथपर्यंत ऐकून उठली. आम्हाला वाळवण शिकवणार ही, असं शेजारणीच्या कानाशी पुटपुटत ती घरी कुरड्या घालायला गेली. मृणाल शेवटपर्यंत बसली. तिनं वर प्रश्नही विचारले.

मग मे महिना आला. अर्चनानं गोळ्या अशा वाळवल्या की पाहत राहावं. दिवसातून चारदा हात फिरवला, एक गोळी दुसरीवर चढू दिली नाही. आणि संध्याकाळी, तिच्या आईनं शिकवलं होतं तसं, गरम माल डब्यात भरायचा नाही म्हणून सगळ्या गोळ्या खाली हॉलमध्ये आणून जुन्या सुती साडीवर पसरल्या. लवकर निवाव्यात म्हणून कूलर त्यांच्याकडे वळवला. सकाळी गारगार गोळ्या पेट्यांत भरून, तारेचा पीळ घालून झाकणं लावली. त्या दिवसांत कूलर चालू असूनही हॉल तापल्यासारखा वाटायचा. अर्चनानं कूलरचा खस बदलला, तरी फरक पडला नाही. एकदा मृणाल विरजण मागायला खाली आली होती. दारात उभी राहून गोळ्यांकडे बघत राहिली, काही बोलेलसं वाटलं, पण तेव्हा प्रमोदची मावशी आलेली, गप्पा रंगात आलेल्या. मृणाल विरजण घेऊन निघून गेली.

मृणालचं वाळवण मात्र बघवत नव्हतं. रविवारी भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, जाडे हातमोजे घालून ती गच्चीवर पेट्या भरायची. आणि बरोबर मामाजी. डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून ते तिच्यासमोर पाटावर बसायचे आणि पेट्यांच्या तारा पिळायचे. तरुणपणी त्यांनी संत्र्याच्या बाजारात पेट्या बांधल्या होत्या. हात अजून विसरला नव्हता.

"मामाजी, खाली चला. ऊन लागेल," अर्चनानं जिन्यातून दोनदा हाक मारली होती.

"आलोच, पोरी," ते म्हणाले आणि आले नाहीत. वरून दोघांच्या हसण्याचा आवाज येत होता. अर्चना जिन्यातूनच परत फिरली.

डिसेंबरात थंडी पडली. अर्चनानं पहिल्या पेटीला हळदकुंकू वाहिलं, तार सोडली, पाणी घातलं. पेटी कोमट झाली, तापल्यासारखं तिनं केलं आणि तासाभरात पंखा गार दमट हवा फेकू लागला. दुसरी पेटी तशीच, तिसरीही तशीच. तक्रार करायची म्हणजे आपलं वाळवण फसलं हे जगाला सांगणं, म्हणून तिनं तक्रार केली नाही. मामाजींचा खोकला वाढला. एका संध्याकाळी नरेश खाली आला आणि त्यांची उशी-पांघरूण काखोटीला मारून त्यांना वर घेऊन गेला. अर्चनानं औषधांची पिशवी हातात दिली आणि कुठलं केव्हा द्यायचं हे इतक्या वेळा सांगितलं की शेवटी नरेश म्हणाला, "वहिनी, जिना चढून जाऊन राहिले ते, काशीला नाही."

आता पुन्हा त्या उघड्या खिडकीच्या दिवसाकडे येऊ. संध्याकाळी अर्चनानं मेथीचे लाडू वळले, मामाजींना आवडतात तसे, डिंक जास्त घालून. डबा घेऊन ती वर गेली. दार लोटलेलंच होतं. आत पाऊल टाकलं आणि ऊब अंगावर आली. मामाजी नुसत्या सदऱ्यावर बसलेले. खोकला नाही, चेहऱ्यावर टवटवी. समोर जिन्याखालून निवडीसाठी आणलेल्या पेट्यांची छोटी उतरंड; उरलेल्या सकाळी परत खाली जात. मृणाल ऑफिसातून येऊन पाय पोटाशी घेऊन त्यांच्याजवळ बसली होती.

"मामाजी, आज कोणती उघडायची?" तिनं विचारलं.

मामाजींनी एकेका पेटीवर टिचकी मारली, कान लावला, संत्र्याचा भाव करावा तसे ओठ मुडपले. "ही घे. हिच्यात ऊन जास्त हाय."

"कशावरून?"

"बांधली कोणं हे? मले इचारते कशावरून." दोघं हसली. मामाजींनी तार सोडली, वाटीत पाणी घेतलं, डोळ्यांजवळ नेऊन मापलं आणि कप्प्यात ओतलं. मग हात पेटीवर ठेवून बसले, ती तापायची वाट पाहत.

अर्चना दारातच उभी होती. "मामाजी, लाडू आणले."

"ठेव तिकडं, पोरी," मामाजी म्हणाले. मान वळवली नाही. सगळं लक्ष पेटीत.

जिना उतरताना अर्चनाला रडू आलं आणि रडू आल्याचा राग आला. तेरा-तेरा वेळा गरम पाण्याची पिशवी बदलली मी, आणि हिनं काय केलं? एक पेटी पुढे ठेवली. ती सगळी रात्र तिनं हिशेब मांडण्यात घालवली. घर एक, गच्ची एक, ऊन एक. ट्रेसुद्धा एकाच दुकानातले. मग हिच्या पेट्या तापतात आणि माझ्या कोमट होतात, हे कसं? जिला पापड धड डब्यात भरता येत नाहीत, तिचं वाळवण साधतं आणि माझं फसतं? शक्यच नाही. एकच गोष्ट शक्य होती. पेट्या जिन्याखाली ठेवलेल्या, डावीकडे खालच्यांच्या, उजवीकडे वरच्यांच्या, रंगरूप सारखं. कधीतरी त्या बदलल्या गेल्या. चुकून म्हणा की कशानं म्हणा. उजवीकडच्या पेट्या खरं तर आपल्याच.

हे एकदा मनाशी ठरलं की पुढचं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मृणाल आणि नरेश ऑफिसात, मामाजी वर झोपलेले. अर्चनानं उजवीकडच्या न उघडलेल्या पेट्या डावीकडे सरकवल्या आणि डावीकडच्या उजवीकडे. पाठीत कळ आली. चोरी करतो आहोत असं तिला वाटलं नाही. हात मात्र पदराला तीनतीनदा पुसले.

त्या संध्याकाळी खालचा हॉल असा तापला की प्रमोदनं आधी शाल काढली, मग एक स्वेटर, मग दुसरा.

"काय केलं तू?" त्यानं विचारलं.

"मुरल्या असतील पेट्या," अर्चना म्हणाली.

"लोणचं आहे का ते?"

ती उत्तर न देता मामाजींचा पलंग झटकायला गेली. नवी चादर घातली, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला. आता वर गार पडेल, आता येतीलच, असा तिचा अंदाज होता. वरची खिडकी बंद झालेली तिनं अंगणातून पाहिली आणि तिला गोड वाटलं. मनापासून गोड वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. पण मामाजी त्या दिवशी आले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. वरून खोकल्याचा आवाज मात्र यायला लागला. आधी अधूनमधून, मग सारखा. अर्चना भाजी चिरता चिरता थांबून छताकडे बघायची.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला जिन्यावर पावलं वाजली. मृणाल मामाजींचा हात धरून उतरत होती. अंगात जाडं जॅकेट, नाक लाल, ओठ फुटलेले. घरातल्या सगळ्या चादरी बहुधा तिनं मामाजींच्या अंगावर चढवल्या होत्या.

"ताई, वर फार गार झालं," ती म्हणाली. "मामाजींना खाली राहू द्या."

"माझ्या घरी राहायला विचारायचं काय त्यात?" अर्चना म्हणाली आणि मामाजींना खुर्चीत बसवलं.

मृणाल लगेच गेली नाही. हॉलच्या मधोमध तापत असलेल्या पेटीकडे तिनं पाहिलं. मग अर्चनाकडे पाहिलं. अर्चनाला वाटलं, आता बोलणार, आता भांडण होणार, आणि त्यासाठी तिनं मनातल्या मनात कंबरही कसली. पण मृणाल "येते मी" एवढंच म्हणाली आणि वर गेली. न झालेल्या भांडणानं अर्चनाला जास्त अस्वस्थ केलं.

पण मामाजी तर आले होते. तिनं त्यांच्यासमोर गरम सूप ठेवलं, पाय चेपले, शाल सारखी केली. खोकला हळूहळू खाली बसला. सगळं जिथल्या तिथं आलं होतं, फक्त मामाजी काही बोलत नव्हते.

"हे काय झालं?" तिनं विचारलं. त्यांच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

"तार टोचली. पेटी खोलताना."

"आणा, हळद लावते. मृणालला कळत नाही का, तुम्हाला कशाला उघडायला लावायची पेटी?"

मामाजींनी हात दिला नाही. ते पुढे वाकले आणि भिंतीशी ठेवलेल्या, न उघडलेल्या पेटीच्या झाकणावरून बोट फिरवलं. तारेच्या पिळाशी बोट थांबलं. पिळाचं टोक आत वळवून दाबलेलं होतं, इतकं की बोटाला नुसती गुळगुळीत गाठ लागावी.

"बाजारात आमचा शेठ म्हणे," ते हळू आवाजात म्हणाले, "पेटी मुंबईले जाते का दिल्लीले जाते, खोलणाऱ्याचा हात फाटला नाही पाहिजे. म्हणून मी टोक आत घेतो. माह्या पेटीची तार कोणाले टोचत नाही, पोरी. तीन दिवस झाले, वर रोज टोचून राहिली."

पंखा गोळ्यांतून गरम हवा फेकत होता. मे महिन्यातल्या कुठल्याशा रविवारचं ऊन तिच्या पायांवर येत होतं, आणि ते तिचं नव्हतं.

"मीच बदलल्या," ती म्हणाली.

"काऊन?"

"तुम्ही खाली यावं म्हणून."

मामाजींनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. रागावलेले नव्हते. थकलेले वाटत होते.

"मले हाक मारली असती त आलो असतो. थंडी काय, सहन करतो माणूस."

"मग गेलात कशाला?" तिच्या तोंडून निघून गेलं. "मी काय कमी केलं तुमचं? एक काम पडू दिलं नाही तुमच्यावर इतक्या वर्षांत."

"तेच न." मामाजींनी चिंधीचं टोक चाचपलं. "तुह्या घरी मले काही कामच नाही. खाऊन बसतो अन् बसून खातो. तिथं ती इचारते, मामाजी, आज कोणती पेटी खोलायची? दिवसभर वाट पाहतो मी त्या इचारण्याची."

ज्या गोष्टीचा तिला हेवा वाटत होता, ती ऊब नव्हतीच. ती एक साधा प्रश्न होता, आणि तो विचारायला पेटी लागत नव्हती. तिनं सगळी माया केली होती आणि मायेपोटी त्या माणसाचे हात बांधून ठेवले होते.

मामाजी खुर्चीच्या हातावर रेटा देऊन उठले. "चाल. वर नेऊ ह्या. ते पोरगी गारठून बसली असन."

"तुम्ही नका उ..." अर्चनाच्या तोंडात आलेलं वाक्य सवयीनं अर्धं बाहेर पडलंच. तिनं ते तिथंच गिळलं. मग सगळ्यात हलकी कोणती हे न शोधता जवळची पेटी तिनं एका बाजूनं धरली आणि म्हणाली, "तुम्ही तिकडून धरा, मामाजी."

त्यांनी धरली. जिन्याच्या प्रत्येक वळणावर ते दम घ्यायला थांबले आणि ती त्यांच्यासाठी थांबली. खाली ठेवा, असं ती एकदाही म्हणाली नाही. ते न म्हणणं तिला पेटी उचलण्यापेक्षा जड गेलं.

मृणालनं दार उघडलं. खोलीत अंधारासारखी थंडी होती. नरेश अजून आलेला नव्हता.

"ही तुझी पेटी," अर्चना म्हणाली. "सगळ्या मीच नेल्या होत्या. बाकीच्या आणून देते." जिन्यात बरंच बोलायचं ठरवलं होतं, पण तेवढंच जमलं.

"माहीत आहे मला," मृणाल म्हणाली. "पहिली पेटी गार निघाली तेव्हाच कळलं."

"मग बोलली काऊन नाही?"

मृणालनं पेटीची एक बाजू मामाजींच्या हातून घेतली, खाली ठेवली आणि तिथंच जमिनीवर बसली. "मे महिन्यात मी विरजण मागायला आले होते, आठवते? तुम्ही कूलरपुढं गोळ्या पसरून ठेवल्या होत्या. त्या तापलेल्या असतानाच झाकण लावायचं असते, ताई. नाहीतर हवेतलं पाणी पिऊन टाकतात. अन् तुमचा कूलर तर त्यांच्यावर पाणीच फेकत होता. मला दिसलं, सगळं वाया चाललं म्हणून."

अर्चनाला तो मे महिन्यातला हॉल आठवला. कूलर चालू, तरी जीव घाबरा करणारी ती उष्णता, बदललेला खस. थंडीसाठी जमवलेलं सगळं ऊन तिनं मे महिन्यातच, कूलर लावून, स्वतःच्या अंगावर घेतलं होतं.

"दिसलं त सांगायचं न मग," ती म्हणाली.

"सांगायलाच थांबले होते दारात." मृणाल म्हणाली. "तुम्ही मावशींना माझ्या पापडांची गोष्ट सांगून राहिल्या होत्या. बुरशीची. त्या हसत होत्या. मी म्हटलं, जाऊ द्या, यांना सगळं येते. मामाजींचा दमा मला माहीत होता, ताई. तरी नाही सांगितलं. म्हणून मग मघाशी खाली तुमच्याशी भांडायलाही तोंड राहिलं नाही मला."

अर्चनाला राग यायला हवा होता आणि थोडा आलाही. पण त्याहून जास्त वाटला तो हेवाच, की एवढं मोठं आपलं वाईट ही बाई अशी सरळ जमिनीवर बसून सांगू शकते. हेव्याची ही सवय सुटायला वेळ लागेल, हे तिला तिथंच कळलं.

"झालं का तुमचं?" मामाजी म्हणाले. ते पाटावर बसले होते आणि पेटी त्यांनी पुढ्यात ओढली होती. "मले थंडी वाजून राहिली."

त्यांनी पिळाचं आत वळवलेलं टोक नखानं वर काढलं, तार सोडली. मृणालनं वाटी आणि पाण्याचं भांडं त्यांच्याजवळ सरकवलं. पण मामाजींनी पाणी लगेच ओतलं नाही. थोरली सून समोर आहे म्हणून असेल, रीत म्हणून असेल, त्यांनी वाटी अर्चनाच्या दिशेनं धरली.

"किती घालू, पोरी?"

अर्चनाचं तोंड उघडलं. वाळवणातलं काही कुणी विचारलं आणि तिच्याकडे उत्तर नाही, असं या घरात कधी झालं नव्हतं.

"मला नाही येत, मामाजी," ती म्हणाली. "तुम्ही सांगा."

मामाजींनी तिच्याकडे पाहिलं. मग सरकून पाटाशेजारची जागा हातानं झटकली.

"बैस मंग इथं," ते म्हणाले. "अन् नीट पाहा."